मावशीनं कॉम्प्युटर साफ केला त्याची गोष्ट

माझी मावशी एकोणीस वर्षं एका वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत काम करत होती. दोन मोठी मशीनं, इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि त्रेसष्ट माणसांचे कपडे. प्रत्येक कपड्याला आतून शिवलेला एक नंबर. एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर गेला असं तिच्या हातून दोनदाच झालं, आणि ते दोन्ही प्रसंग ती अजूनही न विचारता सांगते.

स्वच्छतेच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नाही. माझ्या घरी आली की चपला काढायच्या आधी वर पंख्याकडे बघते.

आश्रमाच्या वाचनखोलीत खिडकीपाशी एक जुना कॉम्प्युटर होता. तो कोणाच्याच ताब्यात नव्हता. एकदा तो बंद पडला तेव्हा सैल झालेली वायर मावशीनं घट्ट बसवली, आणि तेवढ्यावरून सगळ्यांनी तिला त्यातली तज्ज्ञ ठरवून टाकलं. सातजण तो रोज वापरायचे. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई त्यावर दूरदूरच्या लोकांशी बुद्धिबळ खेळायच्या. एक आजोबा नातीचे फोटो बघायचे. आणि नकाशेकाका. ते आयुष्यभर जमीन मोजण्याच्या कामात होते, म्हणून हे नाव. इंटरनेटवर एक नकाशा आहे, त्यात कोणीही आपल्या भागातले रस्ते, बोळ, पायवाटा भरू शकतं. काका रोज सकाळी फिरायला जायचे, वहीत मापं टिपायचे आणि परत येऊन एखादी नवी गल्ली काढायचे, नाहीतर जुनी दुरुस्त करायचे. नऊ वर्षांत त्यांच्या नावावर अकराशेच्या वर गल्ल्या जमल्या होत्या.

एका बुधवारी कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला. एक पान उघडायला चहा पिऊन व्हावा इतका वेळ. मावशी ओले हात पदराला पुसत आली, इकडेतिकडे टिचकावलं, तर एका ठिकाणी 'ब्राउझिंग डेटा हटवा' असं दिसलं. हटवा म्हटल्यावर तिचे हात शिवशिवले. खाली चौकोन होते, तिनं सगळ्यांत खुणा केल्या. किती काळाचा, असं विचारलं होतं. तिनं 'सर्व काळ' निवडलं.

कॉम्प्युटर जरा हलका झाला खरा. मग पोस्टबाई येऊन बसल्या.

"हे मला नाव काय विचारतंय?" त्या म्हणाल्या. "रोज तर आपोआप उघडतं. माझा डाव अर्धा राहिलाय!"

जेवणापर्यंत सातही जण बाहेर फेकले गेले होते. मावशीनं कपड्यांच्या ढिगाआड उभं राहून मला फोन लावला. मी एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते.

"अगं, मी सगळ्यांचं सगळं पुसून टाकलं," ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

तिनं काय काय केलं ते सांगितलं. मी विचारलं, "कुकीजच्या चौकोनातही खूण केलीस?"

"सगळ्यांत केली. अर्धवट काम मी करते का?"

"आणि साठवलेले पासवर्ड?"

"त्यातही."

"बरं, आधी श्वास घे. तुझ्या त्या कपड्यांच्या नंबरासारखं आहे हे. माणूस एकदा नाव आणि पासवर्ड देऊन आत गेला की ती वेबसाइट ब्राउझरपाशी एक चिठ्ठी ठेवते. पुढच्या वेळी ब्राउझर ती चिठ्ठी आपणहून दाखवतो, आणि वेबसाइट म्हणते, या, तुम्ही ओळखीचे. त्या चिठ्ठीलाच कुकी म्हणतात. तू सगळ्या चिठ्ठ्या फेकून दिल्यास. आता वेबसाइट विचारणारच, आपण कोण?"

"म्हणजे सगळ्यांचे नंबर मी उसवले."

"हो. पण कपडे जागच्या जागी आहेत. मेल, फोटो, गल्ल्या, सगळं तिकडे त्या वेबसाइटवर आहे. पुन्हा नाव आणि पासवर्ड दिला की झालं."

"इथे पासवर्ड कोणाला आठवतोय गं? यांना सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही."

व्यवस्थापक भला माणूस होता. तो म्हणाला, "वरून काहीतरी बिघाड झाला म्हणून सांगा, विषय संपेल." मावशीनं ऐकलं नाही. जेवणाच्या हॉलमध्ये सगळे बसले असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, "कॉम्प्युटर मी साफ केला. मला कळत नव्हतं तरी केला. तुमचं जे बंद पडलंय ते उघडून द्यायची जबाबदारी माझी."

एक आजी ऐकू न आल्यामुळे "छान छान" म्हणाल्या, तेवढंच.

त्यानंतर रोज दुपारी मशीन लावून ती एकेकाला घेऊन बसायची आणि फोनवर मला. मी तिला बजावून ठेवलं होतं, पासवर्ड टाकताना तोंड फिरवायचं, मोठ्यानं विचारायचं नाही. 'पासवर्ड विसरलात?' यावर टिचकी मारली की कुठे कोणाच्या फोनवर आकडे यायचे, कुठे वेबसाइट प्रश्न विचारायची. तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? एका आजींनी शाळेचं नाव बरोबर सांगितलं आणि मग ती शाळा का सोडावी लागली ते पाऊण तास सांगितलं. मावशीनं पाऊण तास ऐकलं. चादरी दोरीवर वाळून कडक झाल्या.

सगळं काही परत मिळालं नाही. पोस्टबाईंना आत जायला तीन दिवस लागले, तोवर डावाची मुदत संपून त्या हरल्या होत्या. जिंकत आलेल्या डावात. दोन दिवस त्या मावशीशी बोलल्या नाहीत, आणि मावशीनंही समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. "त्यांचा राग खराच होता," ती मला म्हणाली. नातीच्या फोटोंचं खातं कोणत्या पत्त्यावरून उघडलं होतं हे कोणालाच सांगता येईना. शेवटी त्या आजोबांच्या सुनेनं फोटो नव्यानं पाठवले.

राहिले नकाशेकाका. त्यांचं खातं त्यांच्या मुलानं उघडून दिलं होतं, स्वतःच्या मेलवरून. म्हणजे नवा पासवर्ड करायची लिंक मुलाकडे जाणार. आणि मुलाशी चार वर्षं बोलणं नव्हतं. त्यानं दुसरं लग्न केलं, काका गेले नाहीत, मग त्यानं फोन केला नाही, मग यांनी केला नाही. असं ते लांबत गेलेलं.

"नवीन खातं उघडू," काका म्हणाले.

"उघडू," मावशी म्हणाली.

उघडलं. वर लिहून आलं, 'नवीन सदस्य, आपलं स्वागत आहे! पहिला रस्ता कसा काढायचा ते शिका.'

काकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. नकाशात बाजूच्या रस्त्यालगत गेल्या महिन्यात त्यांनीच काढलेली पायवाट होती, तिच्याकडे बघत राहिले. मग खिशातली वही काढली, मागचं पान उघडलं आणि मावशीपुढे सरकवलं. तिथे मुलाचा नंबर होता.

"तुम्हीच लावा," ते म्हणाले.

मावशीनं लावला. आश्रमाचं नाव ऐकताच पलीकडून आवाज आला, "बाबांना काही झालं का? चटकन सांगा."

"नाही हो, ठणठणीत आहेत. इथेच बसलेत. त्यांच्या नकाशाचं खातं माझ्या हातून बंद पडलंय, त्याची लिंक तुमच्या मेलवर येईल, तेवढी..."

"थांबा. खातं बंद पडलंय? म्हणून मेल येत नाहीत?"

"कसल्या मेल?"

"बाबांनी एखादी गल्ली काढली किंवा सुधारली की मला मेल येते. खातं माझ्या मेलवर आहे ना. रोज अकराच्या सुमाराला. ती आली की मला कळतं, आज ते फिरून आले, ठीक आहेत. गेले सहा दिवस एकही आली नाही. मी आज ऑफिसातून तिकडेच यायला निघणार होतो."

मावशीच्या फोनचा आवाज नेहमीच मोठा असतो, मशीनच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून. काकांनी सगळं ऐकलं होतं. तिनं फोन त्यांच्या हातात दिला आणि उगाचच खिडकीचा पडदा सारखा करायला गेली.

"हां," काका म्हणाले. मग, "जेवलो." मग, "गुडघा आहे आपला तसाच." आणि मग एकदम तावातावानं, "ती गल्ली पुढे बंद नाहीये! मी स्वतः चालून आलोय!"

लिंक आली, पण ती उघडायचं बोलता बोलता राहून गेलं आणि तिची मुदत संपली. दुसऱ्यांदा मागवली तेव्हा काम झालं. त्या दिवशी काकांनी काहीच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक छोटासा बोळ काढला.

मुलगा आला तो पुढच्या महिन्यात, बायकोला घेऊन. वाचनखोलीत तिघं जरा अवघडूनच बसले. सुनेनं नकाशा बघायला मागितला. काकांनी तिला तो कसा वाचायचा ते इतकं सविस्तर सांगितलं की मुलाला मध्येच दोनदा जांभई आली. जाताना ती मावशीला म्हणाली, "पुढच्या वेळी मी बाबांबरोबर फिरायला जाईन म्हणतेय. चालेल का त्यांना?"

"त्यांनाच विचारा," मावशी म्हणाली. "आणि बूट चांगले घाला. ते चढावरून नेतात."