चकल्यांसाठी गोळ्यांचा डबा

इथे विलायतेत, मिल्टन कीन्सच्या आमच्या दमट घरात चकल्या लगेच सादळायच्या. म्हणून त्या दिवाळीला नवरा मला लष्कराचं जुनं सामान विकणाऱ्या दुकानात घेऊन गेला. बंदुकीच्या गोळ्या ठेवायचे डबे म्हणे एकदम एअरटाइट असतात. तिथे प्लास्टिकचे डबे कोरे करकरीत होते, पत्र्याचे वापरलेले. मी प्लास्टिकचा उचलला, तर हा म्हणाला, "प्लास्टिकला वास लागतो." दुकानदारानेही पत्र्याच्या डब्यावर थाप मारली. "हा ओरिजिनल. थेट वाळवंटातून आलाय." जशी काही देवगडहून हापूसची पेटीच आली होती!

घासघासून घासला तरी त्या डब्याचा ग्रीसचा वास जाईना. तरी याने चकल्या त्यातच भरल्या. पुढे दाताखाली कचकच लागायला लागली. फराळाला आलेल्या मैत्रिणीसमोर हा खुशाल म्हणाला, "भाजणी हिच्या आईने पाठवलीये. पुण्याच्या गिरणीतली कच असणार."

माझ्या आईची भाजणी!

मैत्रीण गेल्यावर मी तणतणत डब्याच्या झाकणाचं रबर उपसून काढलं. त्यामागून फिकट पिवळी, बारीक वाळू ओट्यावर सांडली.

"परत धुतला की झालं," नवरा म्हणाला.

वाळू कुठली, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्या वाळवंटातलं युद्ध आम्ही रोज संध्याकाळी टीव्हीवर बघत होतो. चकल्या खात.