उजव्या कानाला दोन चिरा

आमच्या खाडीकाठी गुरं बांधून ठेवायची पद्धत नाही. कुंपण घालायचं ते शेताला. गुरं-डुकरं रानात आणि दलदलीत मोकळी. कोणतं जनावर कोणाचं हे कळतं कानांवरून. कान कापायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि ती कचेरीतल्या वहीत नोंदलेली असते. दुआर्तेमामाची खूण होती उजव्या कानाला दोन चिरा आणि डाव्या कानाचं टोक उडवलेलं. डोळे मिटून हात फिरवला तरी मी ती ओळखीन.

दुआर्ते माझा सख्खा मामा नव्हे. तो आणि माझी आई समुद्रापलीकडच्या लुआंडाहून गोऱ्यांच्या या वसाहतीत एकाच जहाजाच्या पोटात आले, आणि एका जहाजातली माणसं आमच्यात भावंडं मानतात. दोघांनाही म्हाताऱ्या विल्कॉटने विकत घेतलं. म्हातारा काही देवमाणूस नव्हता. पण त्या काळी गुलामाला रविवार स्वतःचा मिळे आणि रविवारी पिकवलेला तंबाखूही स्वतःचा. त्या तंबाखूवर मामाने गाय घेतली, मालकाला सोबत नेऊन आपली खूण वहीत चढवली. काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. तरी आपलं नाव गोऱ्यांच्या वहीत आहे, एवढ्या आधारावर तो तीस वर्षं जगला. मला त्याचा राग येतो तो यासाठीच.

इकडे मूल जन्मलं की त्याच्या नावाने एक कालवड सोडतात. तिला पुढे होणाऱ्या सगळ्या वासऱ्या त्या मुलाच्या. मामाची लेक कातालिना जन्मली तेव्हा त्याने पांढऱ्या तोंडाची एक कालवड सोडली आणि म्हाताऱ्याशी बोली केली, की हिच्या वंशाच्या बारा गायी झाल्या की त्या घ्या आणि माझी पोर मोकळी करा. म्हातारा हो म्हणाला. साक्षीला माझी आई होती, पण तिची साक्ष धरतो कोण.

तोवर कायदे यायला लागले होते. ते एकदम येत नाहीत. आगंतुक पाहुण्यासारखे एकेक येतात, आणि परत जायचं नाव काढत नाहीत. कातालिना पोटात असतानाच एक आला, की आई गुलाम तर मूल जन्माचं गुलाम, बाप कोणी का असेना. 'बाप कोणी का असेना' हे कोणाच्या सोयीसाठी घातलं ते आम्हा बायकांना विचारा. ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवत नाहीत असं ऐकून मामाने पोरीचा बाप्तिस्मा करवला होता. ती चार-पाच वर्षांची झाली आणि दुसरा कायदा आला, बाप्तिस्म्याने कोणी सुटत नाही. मग आला तिसरा. हातात काठी धरायची नाही, मालकाच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, चारचौघांनी मिळून कोणाच्या मातीलाही जायचं नाही. माझ्या आईला आम्ही दोघांनी पुरलं, मी आणि मामाने.

दर वेळी मामा एकच विचारायचा, "गायींबद्दल काही म्हटलंय का? नाही ना? मग झालं तर."

मग असा कायदा आला, की मोकळ्या केलेल्या काळ्या माणसाला सहा महिन्यांत वसाहतीबाहेर काढायचं आणि जहाजाचा खर्च मोकळं करणाऱ्याने सोसायचा. म्हातारा तोवर मेला होता. त्याचा मुलगा एडमंड म्हणाला, खर्च मी का सोसू? मामा म्हणाला, बाराच्या चौदा करतो. लेक कुठल्या मुलखात जाऊन पडेल याचीही त्याने मनाची तयारी केली. दिसली नाही तरी चालेल, सुटू दे, असं तो मला म्हणाला होता.

तेरा गायी झाल्या आणि चौदावी कालवड वाढत होती, त्या वर्षी गुरांचा कायदा आला. गोऱ्यांच्या देवळाच्या दारात तो वाचून दाखवला. गुलामाच्या खुणेची गुरं, घोडे, डुकरं मालकाने वर्ष संपायच्या आत आपल्या खुणेखाली घ्यावीत. न घेतली तर ती गावातल्या गरिबांसाठी जप्त होतील. गावात आमच्याहून गरीब कोण होतं, हे कोणी सांगितलं नाही.

एडमंडने फारसं मनावर घेतलं नाही. दलदलीत चिखल तुडवायला त्याला कुठे हौस होती? आपल्या मळ्यावर मामाची किती जनावरं आहेत हेही त्याला धड माहीत नव्हतं. खाडीपलीकडचा बाल्तझार आमच्यातलाच, पण जुन्या काळात सुटलेला. तो होडीतून आला आणि चुलीजवळ बसून मक्याची पेज पिता पिता म्हणाला, "भाटा लागला की गुरं माझ्याकडे हाक. डाव्या कानालाही एक चीर दिली की झाली माझी खूण. कोणाच्या बापाला कळतंय?"

"खूण बदलणं म्हणजे चोरी," मामा म्हणाला.

"अरे, स्वतःच्याच गायींची चोरी?"

"तीस वर्षं वहीत आहे ती. म्हाताऱ्याच्या देखत चढवलीय. नवा कायदा नव्या गुरांना."

कातालिना तेव्हा तिशीला आली होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "बाबा, काका सांगतात तसं करा. मला ती वही नको. मला सुटायचंय."

मामाने ऐकलं नाही. एडमंडकडून चिठ्ठी मागून घेतली आणि कचेरीत गेला. कारकुनाच्या बायकोला कालवं पोचवायची होती म्हणून मी सोबत होते. कारकून नवा, तरुण पोरगा. त्याने धूळ झटकून जुनी वही काढली आणि वाचलं, "दुआर्ते, विल्कॉटचा नीग्रो गुलाम, त्याची खूण, उजव्या कानाला दोन चिरा, डाव्याचं टोक कापलेलं."

मामाने स्वतःची नोंद जन्मात पहिल्यांदाच ऐकली. त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना, कारण मी त्यातला एक शब्द ऐकला होता आणि त्याने ऐकला नव्हता.

"म्हणजे गुलामाचीच खूण," कारकून म्हणाला. "बरं झालं आलास. मालकाला कळवतो." आणि त्याने नोंदीवर आडवी रेघ मारली.

निरोप घोड्यावरून गेला, आम्ही पायी. आम्ही पोचलो तेव्हा एडमंड दारात उभाच होता. आयत्या बिळावर नागोबा. मामाचा हात सफाईचा, म्हणून आपल्या खुणेप्रमाणे कान कापायचं काम त्याने मामालाच सांगितलं. गायींची डोकी धरली कातालिनाने. चौदा जनावरं झाली, तिने बापाकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटची पांढऱ्या तोंडाची कालवड आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ही झाली की माझी सुटका होणार होती." मामाने सुरी चालवली. त्यानंतर दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. मीही फार बोलले नाही.

पुढे उशिरा, छत्तिशी ओलांडल्यावर, कातालिनाला मुलगी झाली. अर्थात तीही विल्कॉटची. तोवर गुलामांच्या डुकरचोरीसाठीही वेगळा कायदा झाला होता. मामा त्या आठवड्यात रानात गेला आणि एडमंडच्या डुकरिणीचं एक मादी पिलू धरून त्याच्या कानांवर त्याने आपली जुनी खूण कापली. नातीच्या नावाने. ती डुकरीण, गायींबरोबर एडमंडकडे गेलेल्या मामाच्याच जुन्या डुकरिणीच्या वंशातली होती. पण चोराच्या उलट्या बोंबा. मामाला एकोणचाळीस फटके बसले.

दोन वर्षांनी दुसरी नात झाली. मी त्याच्या पाया पडले. म्हटलं, "मामा, दुसऱ्या वेळेला काय आहे ते माहितीय ना?"

"माहितीय," तो म्हणाला. "आजवर सगळे कायदे मीच पाळले. आता एक माझा त्यांनी पाळावा."

आणि त्याने तिच्याही नावाने एका पिलावर खूण कापली. दुसऱ्या वेळी चोराचे दोन्ही कान खांबाला खिळ्यांनी ठोकतात आणि दोन तासांनी खिळ्यालगत कापतात. साठी उलटलेला म्हातारा दोन तास उभा राहिला. आम्ही त्याला घरी आणलं. कातालिनाने फडकी भिजवून डोक्याला बांधली. रक्त थांबत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"पिलाच्या कानावरची खूण राहिली का गं?"

"राहिली, बाबा," कातालिना म्हणाली.

पिलू एडमंडने त्याच दिवशी कापून मिठात घातलं होतं. त्याची आतडी तिनेच धुतली होती.