आरोग्यकर लागू

ताईंच्या पार्लरच्या मागच्या खोलीत उन्हाची पेटी होती. माणूस आडवा होईल एवढी लांब, वरखाली जांभळे दिवे आणि वर झाकण. बायका आत जायच्या फिकट आणि बाहेर यायच्या तांबूस. बाहेर फुकट मिळणारं ऊन लोक पैसे मोजून का घेतात, हे ताईंना कधी कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. नुसते केस कापून घर चालत नव्हतं, ते चालत होतं पेटीवर.

मग सरकारला जाग आली. त्या दिव्यांनी कातडीचा कॅन्सर होतो, म्हणून पेटीवर कर बसला. महाग झाली की लोक आपसूक सोडतील, असा त्यामागचा विचार. शिवाय दारावर पाटी लावायची: 'उन्हाची पेटी. आरोग्य कर लागू.' आता गिऱ्हाईक तुटणार, अशी धास्ती ताईंनी घेतली.

पाटी रंगवणारा पेंटर महाकंजूष. दोन शब्दांत जागा सोडणं त्याच्या अगदी जिवावर यायचं. त्याने झोकात लिहिलं: 'उन्हाची पेटी आरोग्यकर लागू'.

ताई त्याला झापणार, तेवढ्यात शेजारच्या शिवणवाल्या बाई आत आल्या.

"अगंबाई, आरोग्यकर! आणि लागूही पडते?"

ताईंनी पाटी तशीच राहू दिली. "भाव वाढलाय हं," एवढंच म्हणाल्या.

"वाढणारच. गुणाचं औषध कधी स्वस्त असतं का?"

थोड्याच दिवसांत बाकावर बसायला जागा मिळेना. कोणाची कंबर, कोणाची सर्दी, एका निवृत्त मास्तरांचा तर विसरभोळेपणा. कर ताईंच्या चांगलाच पथ्यावर पडला. तपासणीला आलेले साहेब कर वेळेवर भरलेला पाहून खूश झाले आणि जाता जाता हळूच स्वतःच्या गुडघ्याचं विचारून गेले.

अशात एका दुपारी ताईंची आई आली. काखेत टॉवेल.

"माझे खांदे धरलेत गं. गावभर लोकांना बरं करतेस, आईला सांगावंसं नाही वाटलं?" असं म्हणत चपला काढून ती थेट पेटीकडे निघाली.

ताई हातातली कात्री टाकून आडव्या आल्या. "आई, नको!"

"का? पैसे देते की."

"अगं, तो कर आहे!"

"काय कर?"

"काही करू नकोस! कर म्हणजे टॅक्स! लोकांनी येऊ नये म्हणून लावलाय. कॅन्सर होतो त्या पेटीने!"

बाकावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. आईने पाटी नीट वाचली, मग बाकावर बसलेल्यांकडे पाहिलं.

"मला होतो," ती म्हणाली, "आणि यांना होत नाही?"

ताईंना जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली. बाकावरच्या शिवणवाल्या बाई आपल्या तांबूस हातांकडे बघत राहिल्या.