कागद ओला होता

आमच्या कारखान्यात निशाणबाजीच्या रायफली तयार होतात. शिकारीच्या नाहीत की सैन्याच्या नाहीत. कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरणाऱ्या लोकांच्या. प्रत्येक रायफल पेटीत भरण्याआधी एका लांब बंद बोगद्यात नेतात, लोखंडी पकडीत आवळतात आणि समोरच्या कागदावर पाच गोळ्या झाडतात. भोकं जितकी जवळजवळ, तितकी रायफल चांगली. तो कागद सही करून रायफलीबरोबर द्यायचा, ही आमची जुनी पद्धत. मी विक्री खात्यातला, त्यामुळे हे कागद माझ्या टेबलावरून पुढे जात. त्यांवरची सही वर्षानुवर्षं एकाच माणसाची असे. त्याला सगळा कारखाना मामा म्हणे.

खरे मामा ते एकाच मुलीचे होते. त्यांची धाकटी बहीण लवकर विधवा झाली आणि मुलीला घेऊन भावाकडे आली. मामांनी स्वतः लग्न केलं नाही. ही भाची लहानपणी त्यांचा डबा घेऊन फाटकाशी येई आणि यंत्रांच्या आवाजातही ऐकू जाईल अशी हाक मारी. ती हाक आधी पहारेकऱ्याने उचलली, मग फिटरांनी, शेवटी साहेबांनी. आमचा स्टोअरकीपर म्हणे, "दुसऱ्या कारखान्यांत माणसाचा मामा बनवावा लागतो. आपल्याला आयता मिळालाय."

असले विनोद मामांना चालत. कागदाबद्दल मात्र चालत नसत. "कागद खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार आली, की ते आमच्याकडची कागदाची प्रत काढून माझ्यासमोर ठेवत. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याला म्हणावं, श्वास धरायला शीक." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघे, आणि तीच पुढे अडचण झाली.

इथे दोन शब्द नळीबद्दल सांगायला हवेत. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि फिरते म्हणूनच सरळ जाते. भोवरा मंदावला की डुलतो, तशीच गोळीही. आखूड, हलकी गोळी थोड्या फिरण्यावर भागवते. लांब, जड गोळीला जास्त फिरावं लागतं. म्हणून नळी दोन प्रकारची निघते. चौदा इंचांत एक फेरा देणारी मंद पिळाची, आणि दहा इंचांत फेरा पुरा करणारी घट्ट पिळाची. आमच्याकडे आधी फक्त मंद पिळाच्याच नळ्या होत. मामा त्या जुन्या यंत्राबरोबर वाढले. त्यांच्या बोगद्यात चाचणीला आखूड गोळीच वापरत, आणि मंद पिळाच्या नळीतून तिची पाच भोकं शर्टाच्या बटणाखाली झाकली जात. पुढे नवं यंत्र आलं, घट्ट पिळाच्या नळ्या निघू लागल्या. त्याच आखूड गोळीला त्यांचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, जरासा सैल येई. मामांना तेवढं पुरलं.

"पिळून फडकं वाळतं," ते म्हणत, "नेम लागत नाही."

"मामा, त्या नळ्या वेगळ्या गोळीसाठी आहेत," फिटर म्हणे.

"मग त्या गोळीवाल्यांना द्या. मला दाखवू नका."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

भाची मोठी झाली आणि नेमबाजीकडेच वळली. क्लबच्या, दहा हातांतून गेलेल्या रायफलींवर शिकली, तरी चांगली तयार झाली. मग तिला निवड चाचणीचं बोलावणं आलं. प्रशिक्षण केंद्रात एक जागा होती. राहणं, शिकणं तिथेच आणि पुढे नोकरीची खात्री. वयाच्या अटीमुळे तिला ही एकच संधी होती. चाचणीला स्वतःची रायफल हवी होती.

कारखान्यात एक सवलत होती. प्रत्येक कामगाराला सबंध नोकरीत एकदा, तपासून झालेल्या मालातून आपल्या पसंतीची एक रायफल घरच्या खेळाडूसाठी क्लबच्या नावावर घेता येई. मामांनी ती सवलत आजवर वापरली नव्हती. कोणासाठी राखली होती, हे सांगायला नको.

भाची आली तेव्हा मी आणि फिटर तिथेच होतो.

"मामा, आमचे सर म्हणतात घट्ट पिळाची घे. चाचणीचा पल्ला लांब आहे. गोळ्या तेच देणार, लांब आणि जड."

"तुझ्या सरांनी आजवर किती नळ्यांतून डोकावून पाहिलंय?"

"ते नेमबाज आहेत, मामा."

"मग नेम त्यांनी बघावा. नळी मी बघतो."

त्यांनी कपाटातून एक कागद काढून तिच्यासमोर पसरला. पाच गोळ्यांचं जवळजवळ एकच भोक होतं. असा कागद मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

"ही मंद पिळाची नळी बाजूला काढून ठेवली होती," मामा म्हणाले. "साहेबांनी दोनदा विचारलं. दिली नाही."

भाचीने कागद उचलून खिडकीकडे धरला. "सुंदर आहे रे. पण ही आपल्या आखूड गोळीची भोकं ना?"

"नळी चांगली असली की गोळी कुठलीही चालते."

"सरांनी पाच लांब गोळ्या दिल्यात. झाडून बघू या?"

मामा हसले आणि उठले. उन्हाळ्याचे दिवस होते, बोगदा भट्टीसारखा तापला होता. त्यांनी पाच गोळ्या झाडल्या आणि कागद आणवला. ग्रुप ठीक होता. चार भोकं गोल होती. पाचवं किंचित लांबट होतं, एका बाजूला काळा ओरखडा उठलेलं.

भाचीने त्यावर बोट ठेवलं. "हे गोल नाही."

मामांनी कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "कागद ओला होता. त्या टोकाला भिंत पाझरते. कडा फाटलीय."

त्या दिवसांत बोगद्यात पाण्याचा थेंब नव्हता.

"अजून गोळ्या मागवू सरांकडून?"

"आणि उगाच नळी झिजवू? घरात विश्वास नसेल तर बाहेर कोण ठेवणार?"

घरी तिच्या आईनेही तिलाच सुनावलं. "दादाने आयुष्यात एकदा मिळणारी गोष्ट तुझ्यावर ओवाळून टाकली आणि तू भोकं मोजत बस." दुसऱ्या दिवशी भाचीने येऊन ती रायफल घेतल्याची सही केली.

लांब गोळ्या क्लबला पुन्हा मिळाल्या नाहीत. तिने सराव आखूड गोळ्यांवर केला आणि फार चांगला केला. मामा दर आठवड्याला तिचे कागद खिशात घालून आणत आणि फिटरला मुद्दाम दाखवत.

चाचणी थंडीत आली. कारखान्याच्या वतीने मीही हजर होतो. सकाळी गवतावर दहिवर पांढरं दिसत होतं. थंड हवा दाट असते. मंदावलेली गोळी तिच्यात सावरत नाही. उन्हाळ्यातल्या तापलेल्या बोगद्यात जी कशीबशी सावरली होती, ती त्या लांब पल्ल्यात डुलू लागली. भाचीची पहिली गोळी कागदाला आडवी लागली. भोक गोळीच्या लांबीएवढं, कुलपाच्या भोकासारखं. दुसरीही तशीच. तिसरी कागदाला लागलीच नाही. खंदकात कागद वरखाली करणाऱ्याने फोनवर विचारलं, "तिकडून गोळ्या मारताय की दगड?" आजूबाजूचे हसले.

तिने मागे वळून पाहिलं नाही. नेम सुधारावा, तर नेम चुकलाच नव्हता. तरी तिने सगळ्या गोळ्या झाडल्या. मग कागद मागवून घेतला, त्याची गुंडाळी केली आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्या मामांच्या हातात दिली.

"घे मामा. कागद."

त्यांनी तो तिथे उघडला नाही.

घरी काय झालं, ते मला मामांनीच नंतर सांगितलं. "हवा फार थंड होती," ते बहिणीला म्हणाले. ती म्हणाली, "हवा तिच्या हातात नव्हती, दादा. नळी तुझ्या हातात होती." त्यानंतर दोघं एका घरात राहिली, पण ती भावाशी कामापुरतंच बोलू लागली. मामांनी साहेबांना रायफल बदलून मागितली. साहेब म्हणाले, सवलत एकदाच असते. त्यांनी बदलून दिली असती तरी तिचं वय थांबणार नव्हतं.

मामा निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांच्या जागी भाचीला घेतलं. निरोप समारंभात हे उपकार म्हणून सांगितलं गेलं आणि टाळ्या वाजल्या. आता बोगद्यात ती असते. प्रत्येक नळीतून तिच्या पिळाला साजेशी गोळी झाडते, एक भोक जरी लांबट आलं तरी रायफल परत पाठवते आणि उत्पादन खात्याच्या शिव्या खाते. स्वतः निशाण धरून तिने पुन्हा एकही गोळी मारलेली नाही. पकडीत आवळलेल्या रायफलीचा चाप ओढते, बस.

पाच गोळ्यांच्या एका भोकाचा तो कागद साहेबांनी चौकटीत बसवून आमच्या विक्री दालनात लावलाय. गिऱ्हाईक त्यापुढे थांबतं आणि विचारतं, हा खरा आहे का? मी खरा आहे म्हणतो. आहेच खरा.

दुपारी मामा भाचीचा डबा घेऊन फाटकाशी येतात. पहारेकरी त्यांना खुर्ची देतो, ते बसत नाहीत. ती बाहेर आली, की डबा पुढे करून विचारतात, "आज कशी होती भोकं? गोल?"

ती डबा घेते. "कागद कोरडा होता, मामा," एवढंच म्हणते आणि आत जाते.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच विचारतात.