राखणीला राहिलेला आरोपी

"पोरगं त्या दिवशी गावातच नव्हतं, मॅडम. येरमाळ्याला व्हतं, चुना वेचायला. म्हणाल तेवढी माणसं साक्षीला उभी करतो."

नामदेव आबा माझ्या टेबलासमोर बसून हे तिसऱ्यांदा सांगत होते. शेजारी त्यांचा पुतण्या बिरू, म्हणजे माझा अशील, मान खाली घालून बसला होता. बिरूवर गंभीर दुखापतीची केस होती. गावातल्या भागवत नावाच्या शेतकऱ्याच्या हातावर काठी मारून त्याने बोटं मोडली, असं फिर्यादीत म्हटलं होतं.

मी कळंबच्या कोर्टात वकिली करते. बरीच वर्षं झाली. मारामारीच्या केसेस आमच्याकडे बाराही महिने असतात. बांध, पाणी, वाट, काहीही पुरतं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी शिकले आहे. अशील गप्प आणि काका बोलतोय, असं असलं की काकांना आधी बाहेर पाठवायचं.

"आबा, जरा चहा घेऊन या. तुमचं सगळं माझ्या ध्यानात आलं."

आबा नाखुशीनेच उठले. दार लागल्यावर मी बिरूला विचारलं, "मारलंस का?"

"व्हय."

"किती वेळा?"

"एक डाव."

"मग येरमाळ्याचं काय?"

"त्ये आबाचं हाय. म्या तर राखणीला व्हतो."

येडाईची यात्रा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्याला देवीची पालखी निघते आणि लोक रानात चुनखडीचे खडे वेचतात. आमच्या भागात एक वेळ घरचं लग्न चुकेल, पण चुना वेचायचा चुकत नाही. गावं ओस पडतात. बिरूच्या धनगरवस्तीतही सगळे जातात, फक्त एक जण मागे राहतो. सगळ्या घरांची मेंढरं त्या एका दिवसापुरती त्याच्या हवाली असतात. यंदा ती पाळी बिरूची होती.

दुपारी मेंढरं गायरानात लिंबाच्या सावलीला बसली होती. लागूनच भागवतचं पाणी दिलेलं कडवळ, म्हणजे चाऱ्याची हिरवी ज्वारी. दोन-चार मेंढरं त्यात शिरली. बिरूने ती हाकलून काढली, पण तोवर भागवत तिथे आला. कुंपणाला बाभळीच्या फांद्या तोडत होता, त्यामुळे हातात कुऱ्हाड. शिवीगाळ झाली. भागवतने एडक्यावर कुऱ्हाड उगारली, बिरू मधे पडला, मग तीच कुऱ्हाड बिरूवर आली. बिरूने हातावर काठी घातली. कुऱ्हाड खाली पडली. भागवत हात धरून आधी दवाखान्यात गेला आणि तिथून थेट पोलीस स्टेशनला.

आता इथे आमच्या धंद्यातलं एक उघड गुपित. मारामारीत कोण फिर्यादी आणि कोण आरोपी, हे पुष्कळदा मारामारीत ठरत नाही. ते पोलीस स्टेशनच्या दारात ठरतं. जो आधी पोचला तो फिर्यादी. म्हणून डोकं फुटलेला माणूससुद्धा आमच्याकडे आधी मोटारसायकलला किक मारतो, रक्त नंतर पुसतो. बिरू गेलाच नाही. संध्याकाळी वस्ती परत आली तेव्हा तो मेंढरं मोजून ज्याची त्याच्या ताब्यात देत होता, आणि पोलीस त्याची वाट पाहत उभे होते.

कायद्याचं थोडं सांगते. साध्या माराला साधी दुखापत म्हणतात. पण हाड मोडलं की ती गंभीर दुखापत होते. दात पडला तरी गंभीरच. हे ऐकून कित्येकांचे डोळे पांढरे होतात. गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा कायद्यात लिहिली आहे. तेवढी क्वचितच होते, पण वर्षभराची झाली तरी बिरूसाठी पुरे होती. घरात तो आणि बायको. वर्षभर तो आत गेला असता तर मेंढरं खाटकाच्या गाडीत चढली असती, आणि मेंढरांशिवाय त्या दोघांना दुसरं काही येत नव्हतं. भागवत तडजोडीला तयार होता, पण त्याची अट होती की बिरूने त्या गायरानात पुन्हा पाय ठेवायचा नाही. पंचक्रोशीत उन्हाळ्यात पाणी असलेलं गायरान तेवढं एकच.

कायद्यात बचावाची वाटही आहे. आपल्या जिवावर कोणी उठलं तर स्वतःला वाचवण्यापुरता मार देता येतो. त्याला खासगी संरक्षणाचा हक्क म्हणतात. पण तो सांगायचा तर 'मी तिथे होतो आणि मी मारलं' हे आधी कबूल करावं लागतं. आबांचा सगळा कारभार नेमका याच्या उलट. जामिनाच्या वेळी त्यांनी दुसरे वकील गाठले होते आणि त्या अर्जात आरोपी घटनेच्या वेळी येरमाळ्याला होता, असं ठोकून दिलं होतं. ते आता रेकॉर्डवर होतं.

आबा चहा घेऊन परत आले. मी सांगितलं, "येरमाळ्याचा एकही साक्षीदार मी उभा करणार नाही."

"मॅडम, सगळी वस्ती शपथ घ्यायला तयार हाय!"

"आबा, त्या दिवशी राखणीला कोण होतं, असं सरकारी वकिलांनी विचारलं तर तुमची वस्ती काय सांगणार?"

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. ते म्हणाले, "पर मारलं म्हणून कबूल करायचं? वकील कशाला मग केला?" प्रश्न रास्त होता. मलाही रात्री तोच पडायचा.

केस उभी राहिली. भागवतने साक्ष दिली की आपण रिकाम्या हाताने, चार शब्द समजावून सांगायला गेलो होतो. मग त्याचा मेहुणा विलास आला. तो म्हणे बांधावरच उभा होता, सगळं डोळ्यांनी पाहिलं, कुऱ्हाड-बिऱ्हाड काही नव्हतं. माणूस पक्का तयार करून आणलेला. कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ.

माझी पाळी आली. उलटतपास म्हणजे विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं. सिनेमात त्यात आरडाओरडा असतो. प्रत्यक्षात जितकं गोड बोलावं तितकं बरं.

"विलासराव, माळ येडाईची का?"

"व्हय तर. आईचीच किरपा."

"यात्रेला जाता?"

"न चुकता!" त्याची छाती फुगली. मागे बाकांवर गावातली माणसं बसली होती, त्यांच्याकडे त्याने एकदा बघितलं. "बारक्यापणापासनं चुना वेचायला जातोय. एक साल चुकवलं न्हाय."

"यंदाही गेलात?"

"जाणारच की. पालखीच्या फुडंच व्हतो आमी..."

आणि तो थांबला. जज साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"घटना त्याच दिवशी दुपारची आहे ना?"

विलासने भागवतकडे पाहिलं. भागवत खिडकीकडे बघत होता. 'यंदा मी गेलो नाही' असं एक वाक्य म्हटलं असतं तर तो सुटला असता. पण गावकऱ्यांच्या देखत, गळ्यात माळ घालून, आईच्या चुन्याला खाडा केला हे त्याच्या तोंडून निघेना. मला त्याची जरा कीवच आली. कोर्टाची शपथ त्याने सहज मोडली होती, गळ्यातल्या माळेची काही मोडवेना.

अखेर तो म्हणाला, "दुपारच्याला परत आलतो मी." पालखी सोडून भर दुपारी येरमाळ्याहून परत आलेला माणूस मागच्या बाकांवरच्यांपैकी कोणी पाहिलेला नव्हता. एक म्हातारा तर मोठ्याने हसला आणि शिपायाने त्याला दटावलं.

पण एक साक्षीदार खोटा पडला म्हणून बिरू सुटत नव्हता. बोटं तर मोडलीच होती. मग डॉक्टर आले. भागवतच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं मोडलेली, जखमा बोटांच्या पाठीवर, एका ओळीत. मी विचारलं, असा एका ओळीत मार उघड्या पंजावर बसतो का? डॉक्टर म्हणाले, कठीण आहे. बोटं वळलेली असताना? म्हणाले, शक्य आहे. हातात दांड्यासारखं काही घट्ट धरलेलं असताना? शक्य आहे. आम्हा वकिलांचं निम्मं पोट या 'शक्य आहे'वर भरतं. कारण बचाव आरोपीला सोळा आणे सिद्ध करावा लागत नाही. तो पटण्यासारखा असला तरी चालतो.

शेवटी आरोपीचा जबाब. यात जज साहेब स्वतः आरोपीला विचारतात की तुझ्याविरुद्ध असा असा पुरावा आला आहे, तुझं काय म्हणणं आहे? आमच्याकडे याला एकच ठरलेलं उत्तर असतं: 'खोटं आहे.' आरोपी सगळ्या प्रश्नांना तेच म्हणतात. मागे एकाने स्वतःचं नाव विचारल्यावरसुद्धा 'खोटं आहे' म्हटलं होतं.

आदल्या दिवशी मी बिरूला म्हटलं होतं, "खरं तेच सांग. पण घाबरलास तर गप्प राहा. गप्प राहायचाही हक्क आहे तुला." आबांनी मात्र त्याच्याकडून बसस्टँडपासून कोर्टापर्यंत 'खोटं आहे'चीच उजळणी करून घेतली होती.

"तू फिर्यादीच्या हातावर काठी मारलीस, असा पुरावा आहे. काय म्हणणं आहे?"

बिरूने एकदा आबांकडे पाहिलं.

"मारली, सायब. त्येनं कुऱ्हाड उगारली म्हणून मारली."

सरकारी वकिलांनी लगेच जामिनाचा अर्ज पुढे केला. साहेबांनी तो वाचून विचारलं, "इथे तर तू येरमाळ्याला होतास असं लिहिलंय."

"त्ये घरच्यांनी लिवून दिलं. मला सोडवायला. म्या राखणीला व्हतो."

"मग तुझ्यावर कुऱ्हाड उगारली हे पोलिसांना जाऊन का सांगितलं नाहीस?"

"मेंढरं कुणाच्या जिवावर सोडू, सायब? माझी एकट्याची न्हवती ती. सगळ्या वस्तीची व्हती."

साहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं. मागच्या बाकावर आबांनी पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं. मला आनंद झाला आणि भीतीही तितकीच वाटली. आता परत फिरायला वाट नव्हती.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. बिरू निर्दोष. साहेबांनी लिहिलं होतं की प्रत्यक्षदर्शी साक्षीदार विश्वासार्ह नाही, जखमा आरोपीच्या म्हणण्याशी जुळतात, आणि हातातलं हत्यार पडल्यावर आरोपीने पुन्हा मारल्याचा पुरावा नाही. या शेवटच्या ओळीवर सगळं उभं होतं. स्वतःला वाचवण्याचा हक्क धोका असेपर्यंतच असतो. धोका टळल्यावर मारलेला प्रत्येक फटका हा नवा गुन्हा. मी सोडवू न शकलेले बहुतेक अशील दुसऱ्या फटक्यामुळे आत गेले आहेत.

कोर्टाबाहेर आबा पेढे आणायला गेले. भागवत समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. कप डाव्या हातात होता. बिरू बराच वेळ तिकडे बघत राहिला.

"मॅडम, त्येची बोटं वळतील का आता?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "तू एकच मारलीस म्हणून सुटलास, एवढं लक्षात ठेव."

"दुसरी उगारली व्हती की," बिरू म्हणाला. "लई राग आलता. पर त्यो 'आई गं' म्हणून खाली बसला. मग हातच चालंना."

मी बॅगेत कागद भरत होते, ते तसेच राहिले. हे त्याने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तेवढ्यात आबा पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं सुटला."