नणंदेचे जास्तीचे पंधरा दिवस

तीस वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून सुईमावशींचा माणसांच्या आठवणीवरचा विश्वास पार उडाला होता. "मला गोवर? छे, कधीच नाही!" असं छातीठोक सांगणाऱ्याच्या रक्तात हमखास गोवराच्या अँटीबॉडी सापडायच्या. मग रिपोर्ट हातात ठेवत मावशी म्हणायच्या, "माणूस विसरतो, रक्त विसरत नाही." स्वतःची आठवण मात्र त्यांनी या नियमातून खुशाल वगळली होती.

मग एक दिवस धाकट्या लेकीचा फोन आला. लेक बालवाडीत शिकवायची, तिला चौथा महिना होता, आणि कालच वर्गातल्या एका मुलीला कांजिण्या निघाल्या होत्या.

"आई, मला लहानपणी येऊन गेल्यात ना गं?"

नव्हत्या ना! थोरलीला आल्या, तेव्हा तीन वर्षांच्या धाकटीला मावशींनीच पंधरा दिवसांसाठी नणंदेकडे धाडलं होतं. नणंदबाईंनी ठेवून घेतली महिनाभर. "राहू द्या, रमलीये," म्हणे! पोटची पोर लळा लावून पळवायला निघाली, हा राग मावशींनी पंचवीस वर्षं जपला होता. तेव्हाच येऊन गेल्या असत्या तर आज पोटातल्या बाळाला धोका नसता; आपलाच शहाणपणा लेकीच्या मुळावर आला, या विचाराने त्यांनी तिला तडक लॅबमध्ये बोलावलं.

लेकीचं रक्त घ्यायला त्या स्वतःच बसल्या. शीर चुकली. पुन्हा चुकली. शेवटी लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातातून सुई काढून घेतली.

रिपोर्ट आला. कांजिण्यांच्या अँटीबॉडी भरपूर, लेक सुरक्षित! आनंदाने रडायचं सोडून मावशी मशीनवरच उखडल्या. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. एका दिवसात तर अँटीबॉडी तयार होत नाहीत, म्हणजे या जुन्याच.

मावशींनी फोन लावला. "वन्सं, खरं काय ते सांगा."

नणंदेने अखेर सांगून टाकलं. "दहाव्या दिवशी अंगभर फोड उठले हो, वहिनी. तुम्ही एवढ्या भरवशाने सोपवलेली. कोणत्या तोंडाने सांगू? खाजवू नये म्हणून हात धरून बसायचे. खपल्या पडल्या, तेव्हा धाडली."

"आणि पंचवीस वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलत होतात कुठे माझ्याशी?"

मावशींनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थोरलीच्या नाकावर दोन खड्डे होते, हिच्या तोंडावर एक व्रण नव्हता.

"वन्सं, राहायला या," त्या नाक ओढत म्हणाल्या. "आणि हे बघा, पंधरा दिवस सांगून महिनाभर राहायचं."