सदतिसाव्या पानावरचा भागाकार

इंदुताई देऊळगावकर जामबागच्या एका कॉलेजात गणित शिकवायच्या. घर चिक्कडपल्लीला, यजमान दत्तात्रय सरकारी कचेरीत सेक्शन ऑफिसर. १९९१ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी तारनाक्याच्या विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव घातलं. स्टाफरूममध्ये काहींना हसू आलं. गणिताच्या वर्गातले बाक रिकामे होत चालले होते, आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या.

मार्गदर्शक होते तेलुगूभाषक अप्पाराव सर. विषय फंक्शन फील्डच्या अंकगणितातला.

"म्हणजे नेमकं करतेस काय तू?" दत्तात्रयांनी एकदा जेवताना विचारलं.

"पूर्णांकांच्या जागी बहुपदी घ्यायच्या. त्यांचे सहगुणक फक्त शून्य, एक, दोन. तीन झाले की शून्य."

"तीन म्हणजे शून्य?"

"हौ. आणि शाळेतलं घातांकी फल बेरजेचा गुणाकार करतं ना? इथलं बेरजेची बेरीजच ठेवतं."

"मग सोपंच झालं की."

"वाटतं तसं," इंदुताई म्हणाल्या आणि भात वाढून घेतला.

त्या घातांकी फलापासून इथल्या मॉड्युलर फॉर्मची, म्हणजे एका खास प्रकारच्या फलाची, अनंत श्रेणी तयार होते. प्रत्येक फॉर्मला एक पूर्णांक जोडलेला असतो, त्याला वजन म्हणतात. इंदुताईंचं मुख्य प्रमेय असं होतं: श्रेणीतल्या ठरावीक जागांवरचे सहगुणक शून्य असतील, तर तो फॉर्मच शून्य. चार वर्षांत सिद्धता झाली. सरांनी तपासली. १९९५च्या हिवाळ्यात एकशे चाळीस पानांचा प्रबंध टाइप होऊन आला.

चुका सुधारायला म्हणून त्या वाचत बसल्या आणि सदतिसाव्या पानावर थांबल्या. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एका संख्येने भागलं होतं. ती संख्या वजनावरून ठरायची, आणि काही वजनांना ती तीनच्या पटीत यायची. म्हणजे शून्य. शून्याने भागणाऱ्या मुलांच्या पेपरांवर त्यांनी वीस वर्षं लाल रेघ ओढली होती. ती वजनं वगळावीत, तर शेवटचे दोन अध्याय त्यांच्यावरच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या तारनाक्याला गेल्या. सरांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"परीक्षकांच्या ध्यानात येणार नाही, अम्मा. माझ्यासुद्धा आलं नव्हतं."

"माझ्या आलंय, सर."

"रीडरच्या बढतीला पदवी लागते. मुलाखत केव्हा आहे?"

"मार्चमध्ये."

सरांनी प्रबंध दोन्ही हातांनी परत दिला, आणि इंदुताईंनी तो सादर केला नाही.

मार्चमध्ये जागा त्यांच्याच विभागातल्या लक्ष्मणरावांना मिळाली. ते इंदुताईंहून सहा वर्षांनी कनिष्ठ. इंदुताईंनी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला. घरी दत्तात्रय म्हणाले, "कुणी विचारलं असतं का गं तुला?"

"नाही."

"मग?"

"मग पुढचं सगळं त्यावर कसं रचणार होते मी?"

त्याच वर्षी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स सुरू झालं. शिकवायला माणसं मिळेनात, म्हणून गणितवाल्यांनाच जुंपलं. बाकीचे कुरकुरले. इंदुताई सी प्रोग्रॅमिंग शिकल्या, मुलांच्या दोन धडे पुढे राहून शिकवू लागल्या. राहिलेल्या वजनांसाठी सिद्धता शोधणं चालूच होतं. दीड वर्ष गेलं, काही हाती लागलं नाही. तेव्हा त्यांनी लॅबमध्ये मोकळ्या तासाला बहुपदींची गणितं करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि एकेका वजनाचे सहगुणक काढायला घेतले.

ऑगस्ट १९९७मध्ये एका दुपारी प्रिंटरमधून एक ओळ बाहेर आली. प्रमेयातल्या सगळ्या जागांवर शून्य, आणि त्यांच्यापुढच्या जागेवर एक. म्हणजे फॉर्म शून्य नव्हता. इंदुताईंनी दोन फुलस्केप कागद भरून तेच हाताने करून पाहिलं. तिथेही एक आला. दीड वर्ष आपण एक खोटी गोष्ट खरी ठरवायला झटत होतो, याचं वाईट वाटावं की बरं, हे त्यांना कळेना. मग तास होता, तो घेतला.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून त्यांनी फोन लावला.

"सर, त्या वजनांना प्रमेय खोटं आहे. उदाहरण सापडलं."

पलीकडे सर हसायला लागले. "तरीच सिद्ध होत नव्हतं!"

नवा प्रबंध एकसष्ट पानांचा झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रमेय पाच मिनिटांत आटोपलं आणि तासभर उदाहरणाबद्दलच विचारत राहिले. १९९८मध्ये पदवी मिळाली. इंदुताई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. रीडरची पुढची जागा निघालीच नाही. पुढे एका नियतकालिकात सहा पानांचा लेख आला, त्याची प्रत मागणारी दोन पत्रं परदेशातून आली, आणि दोन्हींना त्यांनी त्याच आठवड्यात उत्तर पाठवलं. मग कोणकोणत्या वजनांना असं होतं, याची पूर्ण यादी करायला त्यांनी घेतली. ते काम निवृत्तीपर्यंत पुरलं.